युद्धाचा हिशोब संसदेनं मागावा की मागू नये?

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी. जुलै २०२५ मध्ये लोकसभेत ऑपरेशन सिंदूरवर चर्चा झाली. त्यासाठी सोळा तास ठेवले होते. आमच्या देवळी तालुक्यातल्या गावात बऱ्याच जणांनी ती मोबाईलवर ऐकली, कारण पावसानं डवरणी थांबली होती आणि माणसं घरीच होती. त्यावरून पारावर जो वाद पेटला तो अजून शमलेला नाही.

विरोधक विचारत होते, आपली विमानं किती पडली? संरक्षणमंत्र्यांचं म्हणणं असं की परीक्षेत निकाल बघायचा असतो, पेन्सिल मोडली की पेन हरवला ते नाही. भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या पोरांना हे पटलं. त्यांच्या मते लढाईचा हिशोब मागणं म्हणजे जवानावर अविश्वास दाखवणं. म्हातारी माणसं म्हणतात, पैसा आपला, पोरं आपली, मग विचारायचं नाही म्हणजे काय?

माझं मत सांगतो. लढायचं कसं हे सेनापतींनी ठरवावं. पण किती गेले, किती जायबंदी झाले, त्यांच्या घरच्यांचं पुढं काय झालं, पैसा किती लागला आणि कशावर लागला, हे विचारायची जागा संसदच. विचारायचं कधी, लढाई चालू असताना की संपल्यावर? सगळ्यांसमोर की बंद दाराआड? इथं माझं मन अजून पक्कं होत नाही. ज्यांच्या घरात फौजेतली माणसं आहेत त्यांनी जरूर लिहा.

भरतीवाला

सर, मी पारावरच्या पोरांच्या बाजूचा. संसदेतलं भाषण शत्रूही ऐकतो. किती विमानं गेली, कोणता दारूगोळा संपत आला, हे आपणच सांगितलं तर पुढच्या खेपेला तो त्याच अंदाजानं येईल. मी मोर्शीकडचा, रोज पहाटे पांदणीनं धावतो. उद्या सीमेवर उभा राहिलो तर माझ्या मागं देश एकदिलानं उभा असावा, एवढंच मला पाहिजे.

कपाशीवाला

सप्त्याचा हिशोब मांडला म्हनून पांडुरंगावरची श्रद्धा कमी होते का रे भाऊ? पैसा कोठी गेला इचारनं येगळं अन् भक्ती येगळी.

अभिलेख

वर्धाकाठ सर, 'कधी' याचं एक उत्तर आपल्याच इतिहासात आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला. अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेत नवखे होते. संसद लवकर बोलवा, अशी मागणी त्यांनी लावून धरली आणि नेहरूंनी ती मान्य केली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं. सीमेवर लढाई चालूच होती, २१ नोव्हेंबरपर्यंत चालली. बैठक गुप्त घ्यावी अशी सूचना आली होती, तीही नेहरूंनी नाकारली. दीडशेच्या वर खासदार बोलले. सरकारच्या तयारीवर आणि परराष्ट्र धोरणावर सडकून टीका झाली. आणि १४ नोव्हेंबरला त्याच सभागृहानं, चीनला हुसकावून लावण्याचा ठराव मंजूर केला.

म्हणजे भरतीवाला, ऐन लढाईत प्रश्न विचारले गेले आणि एकदिलानं उभं राहणंही झालं. दोन्ही एकाच आठवड्यात.

दुसरी बाजूही सांगतो. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. तो अहवाल संसदेपुढं कधीच आला नाही. यशवंतराव तेव्हा संरक्षणमंत्री होते. त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये निवेदन केलं, पण अहवाल पटलावर ठेवला नाही. २०१० मध्येही सरकारनं संसदेत सांगितलं की त्यातला मजकूर आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे. अठ्ठेचाळीस वर्षांनंतर! त्या लढाईत ज्या घरातला मुलगा 'बेपत्ता' म्हणून नोंदला गेला, त्या घरातली एक अख्खी पिढी उत्तराशिवाय गेली.

माजी सुभेदार

भरतीवाला बाळ, तुझी धाव चालू राहू दे. तुझ्यासारख्या पोरांवरच फौज उभी आहे. आता माझं ऐक.

मी श्रीलंकेत शांतिसेनेत होतो. १९८७ ला गेलेली फौज मार्च १९९० ला परत आली. आपले सुमारे १२०० जवान तिथं कामी आले. माझ्या कंपनीतला एक जोडीदार गेला तेव्हा त्याची काळी ट्रंक उघडून सामानाची यादी करायचं काम माझ्याकडं आलं होतं. बनियान, दाढीचं सामान, गजानन महाराजांचा फोटो, बायकोची पत्रं दोरीनं बांधलेली, पोराच्या मापाचा नवा सदरा. एकेक वस्तू लिहायची, साक्षीदाराची सही घ्यायची, वर साहेबाची सही. त्यातलं एक रुमालसुद्धा इकडचं तिकडं होऊ द्यायचं नाही.

हे कशासाठी सांगतो? फौज स्वतःच हिशोबावर चालते. रायफल हरवली तर चौकशी बसते, बूट हरवला तर पगारातून कापतात. काडतूस डागलं तर रिकामी पुंगळी जमा करावी लागते. ज्या माणसानं नोकरीभर पुंगळीचा हिशोब दिला, त्याला खासदारानं हिशोब मागितल्याचा अपमान वाटत नाही. वाईट वाटतं ते कोणी न विचारल्याचं. श्रीलंकेहून आलो तेव्हा गावात कोणाला माहीतही नव्हतं की तिथं एवढी माणसं गेली.

दुसरं. महालेखापालांचा एक अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत ठेवला गेला. सियाचीन-लडाखसारख्या उंचीवरच्या जवानांचे कपडे, बूट आणि रेशन यावर. बर्फातल्या गॉगलांची तूट ६२ ते ९८ टक्के निघाली. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ नवे बूट मिळाले नाहीत, जुनेच दुरुस्त करून वापरले गेले. बर्फावर गॉगल नसला की डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि दिसेनासं होतं. मी पाहिलं आहे. सरकारनंच संसदेला दिलेल्या उत्तराप्रमाणे १९८४ पासून २०१५ पर्यंत सियाचीनमध्ये ८६९ जवान गेले. त्यातले बहुतेक थंडीनं, हिमस्खलनानं, पातळ हवेनं. गोळीनं नव्हे. आता सांग, गॉगल किती कमी आहेत हे विचारल्यानं शत्रूचा फायदा होतो की तुझा?

भरतीवाला

काका, गॉगल आणि बूट विचारावेत, हे मान्य. विमानांचं मात्र मान्य नाही. ते लगेच सांगायची काहीच गरज नव्हती.

माजी सुभेदार

विमानांबद्दल 'लगेच नको' इथपर्यंत मीही तुझ्याबरोबर आहे. 'कधीच नको' म्हणशील तर नाही. आणि एक लक्षात घे, संरक्षण दलप्रमुखांनी मे महिन्याच्या शेवटी सिंगापुरात एका विदेशी वृत्तसंस्थेला विमानं गमावल्याचं मान्य केलं, आकडा दिला नाही. ही गोष्ट आपल्या सभागृहाला आधी कळायला हवी होती. मला खटकलं ते हे.

संत्राबाग

+१ सुभेदार साहेब.

कपाशीवाला

एक गोष्ट कोनीच नाई सांगून रायलं. लढाई कोठीही होवो, तिचं बिल वावरात येते. २०२२ मंधी रशिया-युक्रेनचं सुरू झालं तं आमच्या नेरले पोटॅश दिसेना. १०:२६:२६ खत मांगितलं तं दुकानदार संगं दुसरा माल गळ्यात मारे. "हे घ्या तं ते भेटन." डीएपीची बॅग १३५० लेच रायली, हे खरं हाय. पन वरचा पैसा कोनं भरला? त्याचा हिशोब कोठी लिवला हाय, मले समजावून सांगा कोनी.

पूर्वा काटोलकर

कपाशीवाला दादा, तो हिशोब आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं पुरवणी मागण्या आणल्या, म्हणजे वर्षाच्या मधेच जादा पैसा मागितला, त्यात एकट्या खत अनुदानासाठी सुमारे १ लाख ९ हजार कोटी मागितले होते. त्या वर्षाचं खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. दूरच्या युद्धाचा हा सगळ्यात मोठा खर्च आपल्या तिजोरीवर पडला आणि तो संरक्षणाच्या खात्यात कुठंच दिसत नाही, खतांच्या खात्यात दिसतो. म्हणून एखाद्या युद्धाचा खर्च काढायचा तर एका मंत्रालयाची वही पाहून भागत नाही.

मी नागपूरला कायदा शिकते, म्हणून रचना थोडक्यात लिहिते. युद्ध सुरू करायला संसदेची आधी परवानगी लागेल, असं आपल्या राज्यघटनेत नाही. तो निर्णय मंत्रिमंडळाचा. संसदेच्या हातात आहे पैसा. सरकारला एकत्रित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, एक रुपयाही विनियोजन कायदा (खर्चाला मंजुरी देणारा कायदा) झाल्याशिवाय काढता येत नाही, आणि मंत्रालयांच्या मागण्या आधी लोकसभेनं मंजूर कराव्या लागतात.

कागदावर हे फार मोठं हत्यार आहे. वापर कसा होतो ते बघा. २०२५-२६ साठी संरक्षणाची तरतूद ६ लाख ८१ हजार कोटी आहे, त्यातले सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. पण १४ मार्च २०१८ ला सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना अर्ध्या तासात मंजूर झाल्या. २३ मार्च २०२३ ला पुन्हा तेच, सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प काही मिनिटांत. याला गिलोटिन म्हणतात. गोंधळ घालणारे आणि गोंधळात उरकून घेणारे, दोघांनीही सभागृहाचा वेळ खाल्ला. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

प्रशासक

पक्षांची नावं घेऊन उणीदुणी सुरू झालेले तीन प्रतिसाद काढले आहेत. विषयाला धरून लिहा ही विनंती.

संत्राबाग

मला एक धोका दिसतो. कारगिलनंतर महालेखापालांचा खरेदीवरचा अहवाल डिसेंबर २००१ मध्ये आला. लढाईसाठी म्हणून तातडीनं मागवलेला बहुतांश माल लढाई संपल्यावर पोचला, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. पण देशभर गाजला तो शवपेट्यांच्या खरेदीतल्या घोटाळ्याचा आरोप. अधिवेशनभर घोषणा चालल्या. पुढं २०१३ मध्ये विशेष न्यायालयानं त्या प्रकरणातल्या लष्करी अधिकाऱ्यांना पुराव्याअभावी दोषमुक्त केलं. एवढ्या वर्षांत त्या अधिकाऱ्यांची काय अवस्था झाली असेल? आणि माल वेळेवर का पोचला नाही, हा खरा प्रश्न त्या गदारोळात बुडाला. हिशोब जरूर मागा, पण हिशोब मागणं आणि चिखल उडवणं यात फरक ठेवा.

अभिलेख

संत्राबाग, फरक मान्य. पण चिखल उडायला जागा का मिळाली तेही पाहा. सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीनं त्याच खरेदीवरचा केंद्रीय दक्षता आयोगाचा अहवाल मागितला होता. संरक्षण मंत्रालयानं तो दिला नाही. खोलीत बसून, कागद समोर ठेवून, सगळ्या पक्षांच्या खासदारांनी शांतपणे करायचं काम अडलं, मग घोषणा उरल्या. १९६७ पासून त्या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडं देण्याची पद्धत आहे, ती याचसाठी.

कारगिलचा दुसरा अहवाल सुब्रह्मण्यम समितीचा. २३ फेब्रुवारी २००० ला तो संसदेत ठेवला गेला, काही भाग वगळून. समितीत एकही खासदार नव्हता, तरी उपयोग झाला. गुप्त माहितीची यंत्रणा कुठं कमी पडली ते त्यात लिहिलं होतं, तिन्ही दलांच्या समन्वयाची पुढची चर्चा तिथूनच सुरू झाली आणि १ जानेवारी २०२० पासून संरक्षण दलप्रमुख हे पद आलं. गुप्त ते झाकून बाकी उघड करता येतं, याचा हा पुरावा. वर्धाकाठ सर, 'उघड की बंद दाराआड' याचं माझं उत्तर हेच.

मोहफूल

मी गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडची. तुम्ही सगळे सीमेबद्दल बोलता. आमच्या जिल्ह्यात लढाई दाराशी होती. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, जांभुळखेड्याला नक्षलवाद्यांनी सुरुंगस्फोट केला. पंधरा पोलीस आणि त्यांना घेऊन जाणारा खासगी गाडीचा चालक. चालक आमच्यासारखाच साधा माणूस, भाड्यानं गाडी चालवणारा. त्या रस्त्यानं मी आजही जाते.

तिथल्या माणसांचा, पोलिसांचा, मधे सापडून मेलेल्या आदिवासींचा हिशोब कोणत्या सभागृहानं एकत्र मांडला? केंद्र म्हणतं, कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय. राज्याचं अधिवेशन हिवाळ्यात नागपूरला भरतं, त्यात गडचिरोलीच्या वाट्याला किती वेळ येतो ते तुम्हीच बघा.

भरतीवाला

ताई, चालकाचं माहीत नव्हतं. त्याच्या घरच्यांना पोलिसांइतकंच मिळायला हवं.

पूर्णामाय

सुभेदार काकांची ट्रंकेची गोष्ट वाचून रडू आलं. लिहिणार नव्हते, पण लिहिते.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान बर्फाच्या भागात ड्युटीवर असताना गेले. तिरंग्यात आले, मंत्री आले, गाव लोटलं. तेराव्यानंतर सुरू झाली ती कागदांची लढाई. मृत्यू कोणत्या वर्गात धरायचा, यावर सगळं अवलंबून असतं. लढाईतला किंवा लढाईच्या मोहिमेतला धरला तर शेवटच्या पगाराइतकं उदार कुटुंब निवृत्तिवेतन. सेवेमुळे आलेला नेहमीचा मृत्यू धरला तर पगाराच्या ६० टक्के. बहीण दहावी शिकलेली, कडेवर पोर. एका कार्यालयात तिला सांगायचे, वरून कागद आला नाही. वरच्या कार्यालयात सांगायचे, खालून प्रस्ताव आला नाही. खुर्चीवर बस असंही कोणी म्हणालं नाही.

शेवटी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी लोकसभेतलं एक जुनं उत्तर शोधून दिलं. कोण्या दुसऱ्याच राज्याच्या खासदारानं विचारलेला प्रश्न होता. त्यात कोणत्या मोहिमेतले मृत्यू कोणत्या वर्गात येतात ते लिहिलेलं होतं. ते छापील उत्तर टेबलावर ठेवल्यावर फाईल हलली. त्या खासदाराला माहीतही नसेल की विदर्भातल्या एका बाईचं घर त्याच्या प्रश्नानं सावरलं. म्हणून मला कोणी म्हणालं ना की संसदेत विचारून काय होतं, तर मी ते उत्तर दाखवते.

वर्धाकाठ

पूर्णामाय ताई, धन्यवाद. हे लिहायला हिंमत लागते. आज वर्गात दहावीच्या मुलांना नावगाव न सांगता हे वाचून दाखवलं. मागच्या बाकावरच्या दोघी जणी नंतर येऊन विचारत होत्या, हे प्रश्न पाहायला कुठं मिळतात. लोकसभा आणि राज्यसभा दोघांच्याही संकेतस्थळांवर मिळतात, कोणालाही, फुकट.

अभिलेख

थोडं विषयांतर करतो, पण आपल्या मातीचं आहे. डिसेंबर १८९७ ला काँग्रेसचं अधिवेशन आमच्या अमरावतीला भरलं. अध्यक्ष सर शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. त्या वर्षी वायव्य सरहद्दीवर तिराहची मोहीम चालू होती, इकडं दुष्काळ आणि प्लेगनं माणसं मरत होती. अमरावतीच्या मांडवात सरहद्द धोरणावर टीका झाली आणि या लढाईचा खर्च इंग्लंडच्या तिजोरीनं उचलावा अशी मागणी झाली. म्हणजे 'युद्धाचा खर्च कोण देणार' हा प्रश्न वऱ्हाडात सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता, तोही परक्या सरकारला, लोकमान्य तुरुंगात असताना.

गंमत अशी की कायद्यात तरतूद होती. १८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमात लिहिलं होतं की परकीय आक्रमण परतवण्याखेरीज हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या मोहिमेला इथला महसूल ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय लावायचा नाही. संमती मिळतच गेली, कारण मत देणाऱ्यात ज्यांचा पैसा ते नव्हतेच. दादाभाई त्याच खर्चावर आयुष्यभर भांडले.

आणि एक प्रकरण मेसोपोटेमियाचं. आजच्या इराकमध्ये पहिल्या महायुद्धात सहावी पूना डिव्हिजन पाठवली, त्यात मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना नदीतून बोटींनी बसऱ्याला आणलं. मेजर कार्टर नावाचा लष्करी डॉक्टर धक्क्यावर होता. दुरून बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबताना दिसले. जवळ आल्यावर कळलं की ती माणसांची विष्ठा होती. जखमींना हलता येत नव्हतं, बोटीत जागा नव्हती, दिवसेंदिवस ते तसेच पडून होते. कार्टरनं तक्रार केली तर वरिष्ठांनी त्याला लुडबुड्या ठरवलं, अटकेची धमकी दिली. पुढं एप्रिल १९१६ ला कूतला सुमारे १३ हजार माणसं तुर्कांना शरण गेली, त्यात आपलेच जास्त.

हे बाहेर आलं कसं? ब्रिटिश संसदेनं १९१६ मध्ये, महायुद्ध भडकलेलं असताना, कायदा करून चौकशी आयोग नेमला. कार्टरनं त्याच्यापुढं साक्ष दिली. जून १९१७ ला अहवाल छापला गेला. भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि त्यांनीच २० ऑगस्ट १९१७ ला जबाबदार राज्यपद्धतीची ती प्रसिद्ध घोषणा केली. युद्ध अजून वर्षभर चालायचं होतं आणि ब्रिटन ते जिंकलं. चौकशीनं फौज खचली नाही. उलट मेसोपोटेमियातल्या दवाखान्यांची आणि बोटींची व्यवस्था सुधारली.

कपाशीवाला

अभिलेख भाऊ, तुमचं वाचता वाचता चुलीवरचं दूध उतू गेलं. पन लिवत जा. असं कोनी नाई सांगत.

संत्राबाग

अलीकडचंही सांगतो. इराक युद्धाच्या आधी १८ मार्च २००३ ला ब्रिटनच्या संसदेत मतदान झालं, ४१२ विरुद्ध १४९. नंतरची चिलकॉट चौकशी २००९ ला सुरू झाली आणि अहवाल आला जुलै २०१६ ला. त्यांचे १७९ माणसं गेले होते. सात वर्षं लागली. आईबाप म्हातारे झाले. कॅनडानं वेगळं केलं. त्यांच्या संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्यानं ऑक्टोबर २००८ मध्ये, फौज अफगाणिस्तानात असतानाच, पूर्ण खर्चाचा अंदाज मांडला, तोही सगळ्या पक्षांची संमती घेऊन. त्यात जखमी सैनिकांच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या औषधपाण्याचा खर्चही धरला होता. आकडा २०११ पर्यंत १८ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो, असं निघालं. आपल्याकडं असा कायमचा अधिकारी संसदेच्या हाताखाली असावा, असं मला वाटतं.

झाडीपट्टी

मी भंडाऱ्याचा. हिशोबात एक रकाना कायम राहून जातो तो आमच्या भागातल्या कामगारांचा. दारूगोळा बनतो जवाहरनगरला, भद्रावतीला, साठतो पुलगावला. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या भांडारात आग लागली, दीड डझनाहून जास्त माणसं गेली, त्यात अग्निशमनचे जवान होते. चर्चा झाली ती गळणाऱ्या रणगाडाविरोधी सुरुंगांची. २० नोव्हेंबर २०१८ ला त्याच परिसरात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा गेले, त्यात आजूबाजूच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला आठ गेले.

यांना कोणी सलामी देत नाही. कंत्राटी मजुराचं नाव तर हजेरीपत्रकातच. युद्ध होवो न होवो, युद्धाच्या तयारीत ही माणसं मरतात. संसदेत जवानांची संख्या विचारली जाते, या मजुरांची कोण विचारणार?

वर्धाकाठ

झाडीपट्टी, पुलगाव आमच्याच तालुक्यातलं. २०१६ च्या त्या रात्री आमच्या घराची तावदानं हादरली होती, लोक लेकरं घेऊन रस्त्यावर आले होते. तुमचा मुद्दा पटला आणि तो कुठंतरी पोचायला हवा.

पूर्वा काटोलकर

मग पोचवूया. विदर्भाचे लोकसभेत १० खासदार आहेत. मंत्री नसेल तर कोणत्याही पक्षाचा असो, अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचा प्रश्न विचारायला त्यांना अडचण नसते. नियम असे: किमान पंधरा दिवस आधी सूचना, प्रश्न साधारण दीडशे शब्दांच्या आत, आणि गुप्त स्वरूपाची माहिती मागायची नाही. म्हणजे भरतीवाला, तुझी हरकत नियमातच सांभाळलेली आहे.

संसदेच्या स्थायी समितीचाही उपयोग होतो. बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला ड्युटीवर असताना मरण पावला. सैन्यानं सांगितलं, ४८ लाख विमा, ४४ लाख सानुग्रह अनुदान, शिवाय इतर रकमा. पण दरमहा निवृत्तिवेतन नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये संरक्षणविषयक स्थायी समितीनं शिफारस केली की कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना नियमित जवानाच्या घरच्यांइतकेच लाभ द्यावेत. समितीत सगळ्या पक्षांचे खासदार असतात. शिफारस बंधनकारक नाही, म्हणूनच तिचा पाठपुरावा प्रश्नांतून करावा लागतो.

कच्चा मसुदा:

संरक्षणमंत्री सांगतील काय:
(क) गेल्या दहा वर्षांत लष्करी मोहिमांत, उंचीवरील क्षेत्रांत सेवेवर आणि दारूगोळा भांडारे व कारखान्यांत मृत्यू पावलेल्या व कायमचे अपंगत्व आलेल्या व्यक्तींची वर्षनिहाय संख्या;
(ख) त्यांपैकी नियमित जवान, अग्निवीर, नागरी कर्मचारी व कंत्राटी मजूर किती;
(ग) प्रत्येक वर्गातील कुटुंबांना दिलेले लाभ;
(घ) अग्निवीरांच्या कुटुंबांबाबत स्थायी समितीच्या शिफारशीवर केलेली कार्यवाही?

माजी सुभेदार

छान. (क) मध्ये 'उंचीवरील क्षेत्रांत' च्या जोडीला थंडीचे कपडे आणि गॉगल यांची २०२० च्या अहवालानंतरची स्थिती टाका. नेमकं कोणत्या ठाण्यावर किती ते विचारू नका, तेवढं गुप्त असणं योग्य. एकूण तूट भरली का, एवढंच.

भरतीवाला

या मसुद्यावर माझीही सही घ्या. विमानांचं माझं मत तेच आहे. पण (घ) चं उत्तर मला स्वतःला पाहिजे, यंदा मी फॉर्म भरतो आहे आणि घरी आई विचारते.

मोहफूल

संरक्षण मंत्रालयाच्या प्रश्नात गडचिरोली बसणार नाही ना?

पूर्वा काटोलकर

नाही बसणार, मोहफूल ताई. त्यासाठी गृह मंत्रालयाला वेगळा प्रश्न करू आणि त्यात सुरक्षा दलांनी भाड्यानं घेतलेल्या वाहनांच्या चालकांचं स्पष्ट विचारू. शिवाय हिवाळी अधिवेशनाआधी तुमच्या आमदारांनाही तोच मजकूर द्या, पोलीस राज्याचे आहेत.

पूर्णामाय

एक उपप्रश्न माझा घ्या. मृत्यूच्या वर्गीकरणाविरुद्ध किती कुटुंबांचे अर्ज पडून आहेत आणि किती काळापासून. जिल्हानिहाय विचारा, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या बायकांना कळेल की आपण एकट्या नाही.

झाडीपट्टी

जिल्हानिहाय विचारलं की 'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर देऊन मोकळे होतात. राज्यनिहाय विचारा.

पूर्वा काटोलकर

जिल्हानिहायच ठेवते. 'माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल' असं उत्तर आलं तर ते सभागृहाला दिलेलं आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर आश्वासन समिती लक्ष ठेवते. पूर्णामाय ताईंचा मुद्दा (ङ) म्हणून घातला, सुभेदार काकांचा (क) मध्ये. वर्धाकाठ सर, तुमच्या खासदारांकडं कोण जाणार ते ठरवा. काटोलकडचं मी बघते.